शिळ्या तळणाचा इतिहास

तळलेल्या पदार्थाच्या अधोगतीला मराठी भाषेत दोन शब्द आहेत. पावसाळ्यात चकलीचा डबा उघडा राहिला आणि चकली दाताखाली मोडेनाशी झाली, की ती सादळली असे आपण म्हणतो. सकाळचा बटाटेवडा रात्री खाताना त्याचे आवरण दाताशी ओढाताण करू लागले, की तो वातड झाला असे म्हणतो. बोलण्याच्या ओघात हे दोन शब्द कधी एकमेकांत मिसळतात, हे खरे. पण त्यांच्या मुळाशी दोन निरनिराळी निरीक्षणे आहेत. सादळणे म्हणजे कोरड्या अंगाला दमटपणा लागणे, आणि वातड होणे म्हणजे मऊ अंगातच चिवटपणा उत्पन्न होणे. पहिली व्याधी पाण्याच्या आगमनाची आहे, दुसरी पिठाच्या म्हातारपणाची. स्वयंपाकघरातल्या भाषेने केलेला हा भेद प्रयोगशाळेत मांडला गेला तो एकोणिसाव्या शतकात. आणि आजही शिळे तळण गरम करताना आपली जी फसगत होते, ती बहुधा हा भेद विसरल्यामुळेच होते. शिळ्या तळणाला पुन्हा कुरकुरीतपणा कसा येतो, या साध्या प्रश्नामागे धर्मशास्त्र, प्रवास, जातिभेद, आगगाडी आणि युद्धकालीन यंत्रविद्या यांचा बराच मोठा इतिहास उभा आहे. त्या इतिहासाची ओळख करून देण्याचा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम तळणे म्हणजे काय, ते पाहू. तळण्याला आपण तेलाची क्रिया समजतो. वास्तविक ती पाणी घालवण्याची क्रिया आहे. कढईतले तेल सुमारे १७० ते १८० अंशांपर्यंत तापलेले असते, आणि पाणी १०० अंशांवरच उकळते. भजे तेलात पडताच जो खळखळाट होतो, तो तेलाचा नसून भज्याच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन निघणाऱ्या पाण्याचा आहे. पृष्ठभाग कोरडा झाला, म्हणजे त्याचे तापमान १०० अंशांच्या वर चढते, त्याला तांबूस रंग येतो आणि खमंग वास सुटतो. या रंगामागील रासायनिक क्रियेचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केले, आणि ती क्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. असे हे कोरडे, सच्छिद्र, काचेसारखे ठिसूळ झालेले कवच म्हणजेच कुरकुरीतपणा. काचेची उपमा येथे केवळ अलंकार म्हणून दिलेली नाही. कोरड्या कवचातील पिष्ट आणि प्रथिने खरोखरच काचेसारख्या अवस्थेत असतात. थोडे पाणी शिरले, की ती अवस्था मोडते आणि कवच चामड्यासारखे लवते.

यावरून तळणाची दोन कुळे ध्यानात येतील. चकली, कडबोळी, शेव, शंकरपाळे ही एक जात. मंद आचेवर ही अंतर्बाह्य वाळवली जातात. त्यांच्या पोटात पाणी जवळजवळ उरत नाही. त्यांचा शत्रू बाहेरचा, म्हणजे हवेतला दमटपणा. घट्ट झाकणाचा डबा हाच त्यांचा किल्ला. दुसरी जात वडा, भजी, समोसा, कचोरी, कटलेट यांची. त्यांचे कवच कोरडे, पण अंतरंग ओलसर. येथे शत्रू घरातच असतो. पदार्थ कढईतून बाहेर आला, की पोटातले पाणी कवचाकडे सरकू लागते, आणि काही तासांत बाहेरचा काच-वाडा आतून ढासळतो. अशा वड्यांवर गरम असतानाच झाकण ठेवले, तर निसटू पाहणारी वाफ पुन्हा त्यांच्याच अंगावर पाणी होऊन बसते. म्हणून जुनी सुगरण वडे परातीत रचून झाकण्यापेक्षा चाळणीत मोकळे ठेवी. चकलीचा नियम वड्याला लावता येत नाही आणि वड्याचा चकलीला, हे तिला पक्के ठाऊक होते.

आता थोडे मागे जाऊ. शिळे अन्न खावे की खाऊ नये, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राने फार गंभीरपणे विचारात घेतला आहे. रात्र उलटलेल्या अन्नाला तेथे ‘पर्युषित’ म्हणतात. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत पर्युषित अन्न तामस आहारात घातले आहे. सामान्य नियम निषेधाचाच. पण मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या पहिल्या अध्यायात या निषेधाला एक मोठा अपवाद केलेला आढळतो. जे अन्न स्नेहयुक्त आहे, म्हणजे ज्याला तूप किंवा तेल लागलेले आहे, ते शिळे झाले तरी खाण्यास हरकत नाही, असे दोन्ही स्मृती सांगतात. गहू, जव आणि दूध यांच्या पदार्थांना तर स्नेह नसला तरीही त्या सवलत देतात. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या पंचखंडात्मक ग्रंथाचा दुसरा खंड १९४१ साली प्रसिद्ध झाला. भोजनविषयक विधिनिषेधांचा असा विस्तीर्ण पसारा त्यात एकत्र पाहावयास मिळतो.

स्मृतिकारांना सूक्ष्म जंतूंची कल्पना नव्हती. परंतु पाण्यात शिजलेला भात दुसऱ्या दिवशी आंबतो आणि तुपात तळलेली पुरी टिकते, हा अनुभव त्यांच्या समोर होता. त्या अनुभवाला त्यांनी शुद्धाशुद्धतेची भाषा दिली. पुढे उत्तर हिंदुस्थानात हाच भेद ‘कच्ची रसोई’ आणि ‘पक्की रसोई’ या नावांनी रूढ झाला. पाण्यात शिजलेला डाळ-भात आणि तव्यावरची पोळी ही कच्ची. तुपात तळलेली पुरी-कचोरी ही पक्की. कच्ची रसोई चौक्यात बसून, आपल्या ज्ञातीच्या माणसाच्या हातचीच खायची. पक्की मात्र हलवायाच्या दुकानातून घेता येई, वाटेत खाता येई, बरोबर नेता येई. काशीप्रयागाच्या यात्रेकरूला पुरी-भाजीच्या दुकानांनी जो आधार दिला, त्याच्या मागे ही समजूत होती. महाराष्ट्रात पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या प्रवासाच्या फडक्यात बांधल्या जात, त्यामागील न्यायही याच घराण्यातला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि प्रवासाचे मान बदलले. तरी डब्यातल्या शिदोरीवर तळणाचे राज्य पुष्कळ काळ टिकून राहिले.

अशा रीतीने तळणाला शिळे होण्याचा परवाना मिळाला. परंतु परवाना मिळाला म्हणून चव टिकली असे नाही. पुरी खाण्यास योग्य राहिली, तरी ती चिवट झालीच. मग आपल्या पूर्वजांनी या चिवटपणावर कोणता उपाय योजला? येथे आपल्या पाकपरंपरेचे एक वैशिष्ट्य दिसते. हरवलेला कुरकुरीतपणा परत आणण्याच्या मागे न लागता तिने पुष्कळदा मऊपणालाच रुचकर करून घेतले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात वटक आहेत, पूरिका आहेत, आणि आजच्या घाऱ्या-घारग्यांची आठवण करून देणारी घारिकाही आहे. तेथे तळलेले वटक दह्यात भिजवण्याची रीत सांगितली आहे. म्हणजे आपला दहीवडा निदान नऊशे वर्षांचा आहे! कढईतून काढलेला वडा मुद्दाम ओला करायचा, ही कल्पना कुरकुरीतपणाच्या भक्ताला विपरीत वाटेल. पण वडा उद्या मऊ पडणारच, तर तो आजच सन्मानाने मऊ करावा, असा काहीसा व्यवहार तीत आहे. अजमेरची कढी-कचोरी, उत्तरेकडची पकोड्यांची कढी, खानदेशातली शेवेची भाजी ही सारी याच विचाराची भावंडे होत.

आणखी एक परंपरा तर शिळे अन्न मुळीच गरम न करण्याची. श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेलेच खायचे, ही चाल महाराष्ट्रात आहे. गुजरातेत आदल्या दिवसाला रांधण छठ म्हणतात. त्या दिवशी पुऱ्या, वडे, थेपले यांचा घाट घातला जातो आणि सातमीला ते थंड खाल्ले जातात. राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात होळीनंतरच्या चैत्र वद्यात ‘बासोडा’ येतो. त्या नावातच ‘बासी’, म्हणजे शिळे, हा शब्द आहे. या दिवसांचे पदार्थ पाहिले, तर त्यांत स्नेहयुक्त पदार्थांचा भरणा दिसेल. स्मृतींनी दिलेला अपवाद येथे व्रताच्या रूपाने घरोघर पाळला गेला.

परंतु शिळ्या अन्नाची कथा इतकी निर्मळ नाही. आपल्याकडे शिळे कोणी खायचे, हे ठरलेले असे. ताजे ताट पुरुषांना आणि पाहुण्यांना. कालचे उरलेले घरातल्या बाईला, आणि त्यातही सुनेला वा विधवेला. घराबाहेरची गोष्ट याहून कठोर होती. गावगाड्यात राबणाऱ्या महार-मांगांच्या पदरात मजुरीच्या नावाखाली शिळे आणि उष्टे तुकडे टाकले जात. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, फेकलेल्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे आपल्या समाजाला बजावले. त्यांच्या त्या सांगण्याचा विसर पडून शिळ्या अन्नाची महती गाणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. काटकसर ही स्वतःच्या ताटापासून सुरू झाली तरच तिला सद्गुण म्हणता येते. दुसऱ्याच्या ताटात वाढलेली काटकसर हा अपमान असतो. म्हणून, उरलेले अन्न पुन्हा ताज्याच्या पंक्तीला बसेल असे करता येते का, हा प्रश्न मला केवळ जिभेचा वाटत नाही. उरलेला वडा जर नव्या वड्याइतका चांगला करता आला, तर तो कोणाच्या वाट्याला जावा याचा निवाडा करण्याचे कारणच उरत नाही.

या प्रश्नाला जुन्या स्वयंपाकघरात एक उत्तर होते, आणि ते चुलीच्या रचनेतच होते. मुख्य चुलीला लागून वैल असे. त्याच्याखाली स्वतंत्र जाळ नसे. चुलीच्या जाळाची झळ तेवढी तिथपर्यंत पोहोचे. वैलावर ठेवलेल्या कोरड्या तव्यावर कालची पुरी वा वडा सावकाश तापत राही. मंद आणि कोरडी उष्णता, मोकळी हवा आणि भरपूर वेळ या तिन्ही गोष्टी तेथे आयत्या मिळत. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला, आणि नंतर गॅसची शेगडी आली. इंडेन गॅसचा पहिला सिलिंडर १९६५ साली कलकत्त्यात पोहोचवला गेला. धूर गेला, बाईच्या डोळ्यांचे पाणी थांबले, ही फार मोठी सुधारणा झाली. पण त्या सुधारणेबरोबर वैलही गेला. जाळ हवा तेव्हा पेटू लागला आणि हवा तेव्हा विझू लागला. फुकटची मंद ऊब मात्र उरली नाही.

बाजारातल्या हलवायाचे उत्तर निराळे होते. तो पकोडे किंवा ब्रेडपकोडे सकाळी एकदा तळून थाळ्यात रचतो, आणि गिऱ्हाईक आले की त्यांना पुन्हा कढईत सोडतो. गिऱ्हाइकाला ही वेळ वाचवण्याची युक्ती वाटते. वस्तुतः दुसऱ्या तळणीने कवचात उतरलेले पाणी पुन्हा हाकलले जाते, आणि कवच पहिल्यापेक्षाही अधिक कुरकुरीत होते. बेल्जममधील बटाट्याच्या तळलेल्या फोडी याच न्यायाने दोनदा तळतात: प्रथम बेताच्या तेलात आतून शिजेपर्यंत, आणि थोड्या निवाल्यावर अधिक तापलेल्या तेलात रंग येईपर्यंत.

दोनदा तळण्याची सर्वांत रंजक कथा मात्र फ्रान्सची आहे, आणि तिच्यातही आगगाडीच आहे. १८३७ सालच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिसहून सँ-जर्मँच्या दिशेने जाणारा लोहमार्ग सुरू झाला. त्या उद्घाटनाच्या मेजवानीसाठी आचाऱ्याने बटाट्याचे काप तळावयास घेतले, पण गाडीला उशीर झाला. त्याने काप अर्धवट तळलेले बाहेर काढून ठेवले, आणि पाहुणे आल्यावर घाईने अतिशय तापलेल्या चरबीत पुन्हा सोडले. ते काप चक्क पुरीसारखे टम्म फुगले. फ्रेंच पाकशास्त्रातील ‘पोम सुफ्ले’ हा पदार्थ असा जन्माला आला, असे सांगतात. ही दंतकथा आहे, हे ध्यानात ठेवावे. पण तिच्यातले शास्त्र खरे आहे. पहिल्या तळणीत कापाला दोन्ही बाजूंनी पातळ, न फाटणारी त्वचा येते. दुसऱ्या, कडक तळणीत आतल्या पाण्याची एकाएकी वाफ होते आणि ती त्वचेला फुगवते. आपल्या पुरीचेही गुपित हेच. त्या दंतकथेत पुढे मिशेल-युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाला या फुगण्याचा उलगडा करण्यासाठी पाचारण केले जाते. तो मात्र इतिहासातला खरा पुरुष. चरबी ही ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांची बनलेली असते, हे दाखवणारा त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला होता.

कढईतल्या या युक्तीने सादळलेल्या कवचाचा प्रश्न सुटतो. आता दुसऱ्या व्याधीकडे, वातडपणाकडे वळू. तिचे निदान झाले ते तळणावर नव्हे, तर पावावर. पाव शिळा होतो तो वाळल्यामुळे, असा सार्वत्रिक समज होता. झाँ-बातीस्त बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले, की पावातले थेंबभर पाणीही उडू न देता तो बंद करून ठेवला, तरी तो शिळा होतोच. उलट असा शिळा पाव सुमारे ६० अंशांपर्यंत तापवला, की तो पुन्हा मऊ आणि ताजा होतो. तेव्हा शिळेपणा म्हणजे पाणी जाणे हे समीकरण मोडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्ष-किरणांच्या साहाय्याने या घटनेचा आतला व्यवहार उघड झाला. शिजताना पिष्टाचे रेणू पाण्यात फुलून विस्कळीत होतात. निवताना ते पुन्हा एकमेकांशेजारी शिस्तीत रांग धरून बसतात. त्या रांगा म्हणजेच वातडपणा. उष्णतेने त्या मोडतात, म्हणून तापवलेला पाव, पोळी वा पुरी पुन्हा मऊ होते. आणि निवली की पूर्वीपेक्षा लवकर चिवट होते.

या शोधातून एक विचित्र गोष्ट निष्पन्न झाली. पिष्टाचे रेणू रांगेत बसण्याचा वेग शीतकपाटाच्या तापमानात, म्हणजे गोठणबिंदूच्या थोडे वर, फार वाढतो. १९५८ साली गोदरेजने भारतात शीतकपाटे तयार करण्यास आरंभ केला, आणि पुढच्या काही दशकांत ती मध्यमवर्गाच्या घरी पोहोचली. उरलेले अन्न नासण्यापासून वाचले, ही त्यांची मोठी देणगी. पण शीतकपाटातला वडा बाहेरच्या वड्यापेक्षा लवकर वातड होतो, ही त्याच देणगीची दुसरी बाजू आहे. आरोग्यासाठी तो तेथेच ठेवला पाहिजे, यात वाद नाही. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर ठेवू नये, आणि कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच आत ठेवावे. मात्र शीतकपाटातून निघालेल्या वड्याला दोन्ही व्याधी एकदम जडलेल्या असतात, हे ओळखून त्याच्यावर उपचार केले पाहिजेत.

आणि येथेच आधुनिक यंत्राने आपल्याला चकवले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हेरण्यासाठी रडारचे तंत्र वाढले. १९४५ साली अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर याने रडारच्या सूक्ष्मलहरींनी अन्न शिजवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९४७ सालची त्या कंपनीची पहिली भट्टी माणसाएवढी उंच आणि तीनशे किलोंहून जड होती. १९६७ साली घरच्या ओट्यावर मावेल अशी भट्टी अमेरिकेत विक्रीस आली, आणि कालांतराने तिने जगभरची स्वयंपाकघरे काबीज केली. शिळे गरम करण्याचे यंत्र म्हणूनच आज बहुतेक घरांत तिचा उपयोग होतो.

पण या भट्टीत वडा ठेवला, की तो गरम होतो आणि लोळागोळाही होतो. कारण उघड आहे. सूक्ष्मलहरी मुख्यतः पाण्याला तापवतात, आणि वड्यात पाणी आहे ते पोटात. पोटातले पाणी वाफ होऊन बाहेर येते आणि कवचात शिरते. कढईत कवचाभोवती १८० अंशांचे तेल असते, ते त्या वाफेला थांबू देत नाही. या भट्टीतली हवा मात्र थंड असते, म्हणून वाफ कवचातच पाणी होऊन मुरते. आतल्या पिष्टाच्या रांगा मोडतात, म्हणजे वातडपणा घटकाभर जातो. पण सादळणे शतपटीने वाढते. एक रोग बरा होतो आणि दुसरा बळावतो. वडा निवला, की पहिलाही परत येतो. ही अडचण उत्पादकांच्याही ध्यानात आली. त्यांनी ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर दिलेली वेष्टणे काढली. हा थर लहरींनी स्वतःच खूप तापतो आणि तव्याचे काम करतो. म्हणजे अखेर त्या अद्ययावत पेटीतही तव्याला बोलावणे धाडावे लागले! पुढे २०१० साली फिलिप्स कंपनीने ‘एअरफ्रायर’ या नावाने एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव तळणीचे असले, तरी ती वस्तुतः जोराने गरम हवा फिरवणारी लहानशी भट्टी आहे. ताजे तळण्यापेक्षा शिळे तळण ताजे करण्यातच तिचे कौशल्य अधिक उठून दिसते. कारण वैलावरची कोरडी उष्णता आणि मोकळी हवा तिने पुन्हा एकत्र आणली.

दुसऱ्या तळणीविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. पदार्थ पुन्हा तळला, तर तो थोडे अधिक तेल पितो. आणि तेच तेल वारंवार तापवले, तर त्यात ध्रुवीय संयुगे म्हणून ओळखली जाणारी अपायकारक द्रव्ये साठतात. अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने केला, आणि तो १ जुलै २०१८ पासून अमलात आला. तळणाचे काळपट तेल गाळून पुन्हा बरणीत भरण्याची आपली सवय किती जुनी आहे, हे सांगावयास नको. शिळे तळण वाचवावे; शिळे तेल वाचवण्याचा हट्ट सोडावा.

या सगळ्या इतिहासातून घरच्या उपयोगाचे नियम आपोआप निघतात. वडे, भजी, समोसे उरणार असे दिसताच त्यांना गरम असताना झाकू नये. जाळीवर वा चाळणीत निवू द्यावे, आणि मग शीतकपाटात ठेवावे. दुसऱ्या दिवशी विजेची भट्टी १८० ते २०० अंशांपर्यंत आधी तापवावी, आणि पदार्थ एकमेकांना न चिकटता जाळीवर मांडावेत. लहान पदार्थांना आठ-दहा मिनिटे पुरतात, मोठ्यांना थोडी अधिक. पोटापर्यंत ऊब पोहोचली पाहिजे, कारण आतले सारण कढत होणे हे आरोग्यासाठी आवश्यक आहे. भट्टी नसेल, तर जाड बुडाचा कोरडा तवा, मंद आच आणि अधूनमधून उलटणे एवढ्याने काम भागते. मात्र झाकण ठेवू नये. समोसा फार थंड आणि मोठा असेल, तर सूक्ष्मलहरींच्या भट्टीत अर्धा-पाऊण मिनिट ठेवून आतला वातडपणा घालवावा, आणि लगेच तव्यावर वा गरम हवेत कवच वाळवावे. येथे त्या यंत्राचा दोषही गुण होतो. चकली सादळली असेल, तर तिला मंद भट्टीत काही मिनिटे ठेवावे, पूर्ण निवू द्यावे, आणि मगच डब्यात भरावे. कारण ती गरम असताना मऊ लागली, तरी निवल्यावर खुसखुशीत होते. आणि काढलेला वडा लगेच खावा. दुसऱ्यांदा मिळालेले हे तारुण्य फार वेळ टिकत नाही.

स्मृतिकारांनी तळणाला शिळे होण्याची मुभा दिली, हलवायाने त्याला दुसरी कढई दिली, बुसँगोने त्याच्या म्हातारपणाचे कारण शोधले, आणि रडारच्या भट्टीने त्याला पुन्हा ओले केले. हा सर्व खटाटोप पाण्याच्या काही थेंबांभोवती फिरत राहिला आहे. यापुढे घरात शिळा वडा गरम कराल, तेव्हा तो दहा मिनिटे भट्टीत वा तव्यावर नीट कोरडा होऊ द्या. आणि तयार झाल्यावर तो कोणा एकाच्या ताटात न सारता सर्वांच्या मध्ये ठेवा. घरात सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या माणसाने त्यातला पहिला उचलला, तर फारच उत्तम.